फेर, फुगडी आणि सूर : शालेय संगीत शिक्षणाचा लोकधर्मी पाया

पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे करमाळा तालुक्यातील एक परिचित स्थानक. एका बाजूस ज्वारीची शिवारे, तर दुसऱ्या बाजूस भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा आणि त्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, असा हा परिसर आहे. आषाढी वारीच्या दिवसांत त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी करमाळा तालुक्यात येते आणि रावगाव, जेऊर, कंदर या वाटेने पंढरपूरकडे जाते. टाळ-पखवाजाच्या ठेक्यावर पडणारी पावली, अभंगाचे एक चरण पुढच्याने म्हणावे व मागच्यांनी उचलावे ही रीत, हे सारे या भागातील मूल शाळेत नाव दाखल होण्यापूर्वीच पाहत व ऐकत असते. श्रावणात नागपंचमीची फुगडी, आश्विनात हादग्याचा फेर, जत्रेत हलगी व लेझीम, धनगर वाड्यांवर ढोलाच्या तालावरील गजी नृत्य आणि ओव्या असे सोलापूर जिल्ह्याचे वर्ष गाण्यांनी बांधलेले आहे.

असे असूनही ग्रामीण प्राथमिक शाळेत संगीताचा विषय निघाला, की पहिले उत्तर बहुधा एकच असते. शाळेत संगीत शिक्षक नाही, पेटी-तबला नाही, तेव्हा संगीत शिकवावे कसे? वेळापत्रकातील तो तास मग राष्ट्रगीत, प्रार्थना आणि स्नेहसंमेलनासाठी ध्वनिमुद्रित गीतावर बसविलेला नाच यांवर भागविला जातो. मुले ध्वनिवर्धकापुढे नाचतात, परंतु गात नाहीत. ज्या गावाजवळ शेकडो गाण्यांचा ठेवा आहे, त्याच गावची मुले चार ओळी सुरात म्हणण्यास संकोचतात, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

पारंपरिक लोकगीते व गाण्याचे खेळ यांच्या आधारे मुलांना संगीताचे पहिले धडे देता येतात काय, ते कसे द्यावेत आणि त्यात ग्रामपंचायतीने व गावाने कोणता वाटा उचलावा, याचा विचार येथे केला आहे.

जुना ठेवा, नवे संकट

महाराष्ट्रात स्त्रिया कामाबरोबर गातात, ही गोष्ट आजची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आढळतो. याचा अर्थ, ओवी हा छंद ग्रंथांत स्थिरावण्यापूर्वीच उखळाजवळ व जात्याजवळ नांदत होता. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात अशा ओव्या मोठ्या आस्थेने एकत्र केल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने लोकगीतांचे अनेक खंड प्रसिद्ध केले. पुढे हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या नोंदविल्या.

ही नोंद वेळेवर झाली, हे बरेच झाले. कारण गावोगाव पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे जाते थांबले. बायकांच्या मनगटांचे कष्ट वाचले, ही निःसंशय प्रगतीच होय; तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु जात्याबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. आईच्या मांडीवर डोके ठेवून ओवी ऐकत झोपणाऱ्या मुलाच्या कानावर नकळत होणारा सुराचा संस्कार थांबला. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तेव्हा करमाळा तालुक्यातीलही जमिनी व वस्त्या पाण्याखाली गेल्या. माणसे नव्या ठिकाणी वसली. पण ज्या अंगणात व ज्या शेजारणींबरोबर फेर धरला जाई, ते अंगण व तो शेजार पुष्कळ ठिकाणी राहिला नाही. लोकगीत कागदावर जगू शकते, हे खरे. पण त्याची चाल, ठेका आणि पावलांची गती कागदावर उतरत नाही. ती एका देहाकडून दुसऱ्या देहाकडेच जाते. मधली एक पिढी गप्प बसली, तर साखळी तुटते.

म्हणूनच हा प्रश्न केवळ संस्कृतिरक्षणाचा नसून शिक्षणाचाही आहे. पूर्वी जे काम अंगण व ओसरी करीत होती, त्यातील काही भाग आता शाळेच्या पटांगणाने पत्करावयाचा आहे.

खेळात दडलेले संगीत

गाण्याचे खेळ वरवर पाहता करमणुकीचे वाटतात. प्रत्यक्षात त्यांत संगीताचा पहिला अभ्यासक्रम जवळजवळ संपूर्ण सामावलेला आहे.

लयीचा विचार प्रथम करू. फुगडीत दोघी एकमेकींचे हात धरून सावकाश फिरू लागतात आणि गती हळूहळू वाढत जाते. विलंबित, मध्य आणि द्रुत हे शब्द न उच्चारता तिन्ही लयींचा अनुभव येथे शरीराला मिळतो. एकीची गती कमी-अधिक झाली, की तोल जातो. म्हणजे लय चुकल्याची सूचना शिक्षकाने द्यावी लागत नाही, ती खेळच देतो. झिम्म्यात टाळी नेमक्या जागी पडावी लागते. ही जागा म्हणजेच तालाची सम ओळखण्याची पहिली पायरी होय. आपल्या पुष्कळशा लोकगीतांचा ठेका केरव्याच्या ८ किंवा दादऱ्याच्या ६ मात्रांच्या जवळचा असतो. चालीच्या गाण्यावर मुले सहज पावले टाकतात, तर झोक्याच्या गाण्यावर आपोआप डुलतात. हा फरक पावलांना कळला, की पुढे मात्रा मोजण्यास फारसे श्रम पडत नाहीत.

सुराची गोष्टही अशीच आहे. मुलांच्या व स्त्रियांच्या पारंपरिक गीतांपैकी अनेकांची चाल चार-पाच स्वरांत फिरते. लहान ओळ, तिचीच पुनरावृत्ती आणि मोठ्या उड्या नसलेली स्वररचना यांमुळे अप्रशिक्षित गळ्यालाही ती पेलते. एकीने सांगावे व इतरांनी उचलावे या पद्धतीत मूल आधी ऐकते व मग म्हणते. ऐकून म्हणणे हीच आपल्या गुरुमुखी परंपरेची मूळ रीत आहे.

हादग्याचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. सूर्य हस्त नक्षत्रात असताना, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती मुली फेर धरतात. कोठे याला हादगा म्हणतात, कोठे भोंडला. विदर्भ-खानदेशात याच काळात भुलाबाईची गाणी रंगतात. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी दररोज एका गाण्याची भर घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. शिक्षणशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर ही उजळणी व नवा पाठ यांची उत्तम सांगड आहे. यातील काही गाणी साखळीसारखी असतात. एका वस्तूसाठी दुसरी, दुसरीसाठी तिसरी अशी मागणी वाढत जाते आणि प्रत्येक वेळी मागील सर्व क्रम पुन्हा म्हणावा लागतो. स्मरणशक्तीचा असा आनंददायक अभ्यास पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल. शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ असल्याने शेवटचे मूलही जागेवरून हलत नाही!

मुलग्यांच्या खेळांतही हे धडे आहेत. हुतूतूत एका दमात शब्द घोळवीत प्रतिपक्षाच्या अंगणात जाऊन परत यावे लागते. ते श्वासावर ताबा मिळविण्याचे शिक्षण आहे आणि गायनाचा आधार श्वासच असतो. लेझीम तर आकड्यांवर चालणारा ताल आहे. आपडी-थापडीसारख्या बैठ्या खेळातून अंगणवाडीतील मूलही टाळीचा ठेका शिकते.

इतरांचा अनुभव

लोकगीत हा बालसंगीताचा पाया असावा, हा विचार जगात अन्यत्रही कसोटीला उतरला आहे. हंगेरी देशात झोल्तान कोदाय व बेला बार्टोक या संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यांत हिंडून शेतकऱ्यांची गाणी जमविली आणि १९०६ मध्ये त्यांतील २० गीते प्रसिद्ध केली. पुढे कोदाय यांनी ही गीते व मुलांचे खेळ शाळेत आणले. त्यांच्या पद्धतीत वाद्यापूर्वी गळा, लिपीपूर्वी कान आणि परक्या गाण्यापूर्वी मातृभाषेतील गाणे असा क्रम असतो. १९५० मध्ये त्यांच्या केचकेमेत या जन्मगावी दररोज गायनाचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली. या विचारधारेच्या आधारे झालेल्या लोकसंगीत-जतनाच्या कार्याची युनेस्कोने २०१६ मध्ये अनुकरणीय उपक्रम म्हणून नोंद घेतली. विशेष म्हणजे कोदाय यांच्या पद्धतीत वापरली जाणारी स्वरनामे आपल्या सरगमप्रमाणेच चल आहेत. गाणाऱ्याच्या सोयीने ‘सा’ धरावा व बाकीचे स्वर त्यावरून ओळखावेत, हे तत्त्व आपल्या परंपरेत पूर्वापार आहे.

महाराष्ट्राजवळही स्वतःचा अनुभव आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साथीने हे कार्य १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये पोहोचले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ही त्यांची भूमिका होती. महागडी साधने न आणता परिसरातील वस्तू, गोष्टी, गाणी व नाच यांतून शिकवावे, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले. आजच्या अंगणवाडी या शब्दामागे हीच प्रेरणा उभी आहे.

लोकगीत आणि अभिजात संगीत यांत वैर नाही, हे पंडित कुमार गंधर्व यांच्या कार्यावरून दिसून येते. १९४८ नंतर देवास येथे दीर्घ आजारात अंथरुणाला खिळले असताना माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. त्यांनी त्यांचा अभ्यास केला आणि लोकधुनांतून नव्या रागांची निर्मिती केली. तेव्हा लोकगीत शिकलेले मूल पुढे रागसंगीताकडे वळणार असेल, तर त्याची वाट अडत नाही. ती अधिक सुकर होते.

वर्गात काय करावे?

या पद्धतीने शिकविण्यासाठी शिक्षक गवई असण्याची आवश्यकता नाही. पुढील क्रम कोणत्याही प्राथमिक शिक्षकास पाळता येईल.

पहिल्या टप्प्यात गाणे केवळ ऐकवावे. गावातील एखादी आजी, शाळेत मुलास पोहोचविण्यास येणारी आई किंवा भजनी मंडळातील गायक हेच येथे गुरू होत. दुसऱ्या टप्प्यात मुलांनी गाण्याबरोबर टाळी द्यावी व पावले टाकावीत. तिसऱ्या टप्प्यात खेळ खेळावा आणि खेळता खेळता गाणे तोंडी यावे. या तिन्ही टप्प्यांत व्याख्या किंवा स्वरांची नावे सांगू नयेत.

गाणे पक्के झाल्यावर चौथा टप्पा येतो. वर्गाचे दोन गट करून एकाने ओळ म्हणावी व दुसऱ्याने पुरी करावी. नंतर शिक्षकाने हात वर करताच सर्वांनी गप्प व्हावे, पण गाणे मनात चालू ठेवावे; हात खाली येताच जेथे पोहोचले असतील तेथून मोठ्याने म्हणावे. सर्व मुले एकाच शब्दावर एकत्र आली, तर लय त्यांच्या मनात उतरली असे समजावे. ही कसोटी अगदी साधी असून तीत एकाही मुलास एकटे उभे करून लाजवावे लागत नाही.

पाचव्या टप्प्यात नावे द्यावीत. जी टाळी मुले दिवाळीपूर्वीपासून देत आली, तिला ‘सम’ म्हणतात. जेथे टाळी न देता हात बाजूला जातो, ती ‘खाली’. ज्या स्वरावर गाणे येऊन विसावते, तो बहुधा ‘सा’. अनुभव आधी व संज्ञा मागाहून, हा क्रम उलटला, तर संगीत हाही पाठांतराचा एक विषय होऊन बसेल.

दोन दक्षता अवश्य घ्याव्यात. मुलांचा आवाज स्वभावतः उंच असतो. पुरुष शिक्षकाच्या सोयीच्या खालच्या पट्टीत गाणे सुरू झाले, की मुले आवाज दाबतात व बेसूर होतात. म्हणून वर्गातील एखाद्या मुलास किंवा मुलीस सुरुवात करण्यास सांगावे आणि तीच पट्टी सर्वांनी धरावी. दुसरे असे, की मोठ्याने ओरडणे म्हणजे उत्साहाने गाणे नव्हे. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईल इतक्याच आवाजात गावे, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा.

आठवड्यातून तीन वेळा २० मिनिटे एवढा वेळ यासाठी पुरेसा आहे. या गतीने वर्षाकाठी १२ ते १५ गाणी मुलांच्या तोंडी सहज बसतील. ती ऋतुमानाप्रमाणे निवडावीत. आषाढात पावली, श्रावणात फुगडी-झिम्मा, आश्विनात हादगा, सुगीत कामाची गाणी आणि जत्रेच्या हंगामात लेझीम, असा क्रम ठेवला, तर शाळा व गाव यांचे पंचांग एक होईल.

निवडीचा विवेक

परंपरेत आले ते सर्वच जसेच्या तसे वर्गात नेता येणार नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अनेक स्त्रीगीतांत सासुरवासाचे, बालवयातील लग्नाचे व मारझोडीचे वर्णन आहे. काहींत जातींवरून केलेली टवाळी आढळते. दुसऱ्याला कमी लेखणारी गाणी शाळेने घेऊ नयेत. सासुरवासाची गाणी मात्र सरसकट टाळण्याऐवजी वरच्या वर्गात विचारपूर्वक घेता येतील. त्या काळच्या मुलीला आपले दुःख सांगण्यास गाण्याखेरीज दुसरी जागा नव्हती आणि आज ती मुलगी शाळेत बसली आहे, एवढे बोलणे झाले, तरी त्या गाण्याचे सार्थक होईल.

फुगडी मुलींची व लेझीम मुलग्यांची, ही वाटणीही शाळेच्या दारात थांबली पाहिजे. हलगी ज्या समाजांनी पिढ्यान्पिढ्या वाजविली, त्यांच्या वाट्याला कौतुकापेक्षा उपेक्षाच अधिक आली. त्या हलगीवादकास शाळेत सन्मानाने बोलावून त्याच्याकडून सर्व मुलांनी ठेका शिकणे, हा संगीताबरोबरच समतेचाही पाठ होईल. सोलापूर जिल्ह्यात गळीत हंगामात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे बाहेरून येतात. त्यांची मुले नव्या शाळेत बहुधा मागच्या रांगेत गप्प बसतात. त्यांच्या गावच्या फेराचे एखादे गाणे वर्गाने त्यांच्याकडून शिकून घेतले, तर पाहुणे म्हणून आलेले मूल त्या तासापुरते तरी शिक्षकाच्या जागी बसेल. मराठीबरोबर कानडी, तेलुगू व उर्दू बोलणारी कुटुंबेही या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या अंगाईलाही फेरात जागा असावी. धार्मिक विधीचा भाग असलेल्या गीतांऐवजी ऋतू, काम, प्राणी व नाती यांची गाणी निवडली, तर कोणत्याही घरचे मूल बाहेर राहणार नाही.

गावाचा वाटा

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे असावे, अशी शिफारस केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलेशी जोडलेल्या अध्यापनावर आणि स्थानिक कलावंतांना शाळेत मार्गदर्शक म्हणून बोलाविण्यावर भर देण्यात आला आहे. धोरणाचे दार उघडे आहे. त्यातून कोणी आत जावे, हे गावाने ठरवावयाचे आहे.

शाळा व्यवस्थापन समितीने गावातील गाणाऱ्या स्त्री-पुरुषांची एक यादी करावी. कोणास कोणत्या प्रसंगाची गाणी येतात, हे त्यात नोंदवावे. वरच्या वर्गातील मुलांनी त्यांच्या संमतीने ती गाणी भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावीत व वहीत उतरावीत. प्रत्येक गाण्यापुढे सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि गाण्याचा प्रसंग लिहावा. अशी वही म्हणजे गावाचा दस्तऐवजच होय. ग्रामपंचायतीने शाळेसाठी टाळांचे काही जोड, एक हलगी, एक ढोलकी व लेझीमचा संच एवढे साहित्य घेऊन दिले आणि फेर धरण्याजोगे सपाट, सावलीचे पटांगण राखले, तरी पुष्कळ काम होईल. अधिकाऱ्यांनी शाळाभेटीच्या वेळी एखाद्या निवडक मुलाचे गाणे ऐकण्याऐवजी संपूर्ण वर्गाचा फेर पाहावा. स्पर्धा व बक्षिसे यांचा आग्रह धरू नये. स्पर्धा आली, की चार चांगले गळे पुढे येतात आणि उरलेले चाळीस पुन्हा प्रेक्षक होतात.

फेरात पहिला व शेवटचा असा क्रमांक नसतो. प्रत्येकाचा हात दोघांच्या हातांत असतो आणि एकाने लय सोडली, तर साऱ्या फेराला ती सावरून घ्यावी लागते. संगीताची ही पहिली शिकवण देण्यासाठी खर्चिक साधनांची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या आजीला गाणी येतात, ती आज गावात आहे. येत्या हस्त नक्षत्रापूर्वी शाळेने तिला निमंत्रण द्यावे.